शोधनिबंध हसत-हसत सांगायचा, पण नेमका सांगायचा

मिसळ सांगितल्यापासून ती समोर येईपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात शोधनिबंध सांगून झाला पाहिजे. शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्याला घरचे आणि तालमीतले "नेमकं करतोयस काय?" असं विचारतात, तेव्हा त्यांना तेवढंच हवं असतं. ‘सोपं करा आणि मध्येमध्ये विनोद पेरा’ हा सल्ला मात्र मानू नका. पेरलेला विनोद लक्षात राहतो आणि संशोधन विसरलं जातं.

निबंध पूर्ण वाचा, नुसत्या सारांशावर जाऊ नका. अभ्यास कुणावर केला, मोजलं कसं आणि किती निघालं, या तीन गोष्टी कागदावर उतरवा. अवघड शब्दांना घरातले शब्द द्या. इथवर काही अडत नाही.

अडतं ते विनोद कुठे बसवायचा यावर. निबंधातली सगळ्यात कठीण गोष्ट शोधा, म्हणजे एखादा आकडा किंवा एखादी अट, आणि विनोद तिच्यावरच बसवा. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतल्या चित्तरंजन अंद्रादे आणि बी. एस. श्रीहरी यांचा अभ्यास घ्या. त्याला २००१ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. शहरातल्या चार शाळांतल्या २०० किशोरवयीन मुलांना त्यांनी नाक कोरण्याबद्दल विचारलं. जवळजवळ सगळ्यांनी कबूल केलं, आणि दिवसाचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, निघाला चार वेळा.

इथे बहुतेक जण ‘भारतीय माणूस सरासरी चार वेळा नाक कोरतो’ असं लिहून मोकळे होतात. एका वाक्यात तीन चुका! अभ्यास किशोरवयीनांचा आहे, आकडा त्यांनी स्वतः सांगितलेला आहे, आणि मध्यक म्हणजे सरासरी नव्हे. ७.६ टक्के मुलं दिवसाला वीसहून जास्त वेळा नाक कोरणारी होती. अशी थोडी मुलंही सरासरी वर ओढतात, मध्यक मात्र जागेवर राहतो. आता हे लिहा: ‘प्रार्थनेला मुलं उंचीप्रमाणे उभी करतात, तशी ही बोटाच्या फेऱ्यांप्रमाणे उभी करा. बरोबर मधल्या मुलाच्या फेऱ्या चार. शेवटच्या टोकाला वीसच्या वरची मंडळी, पण त्यांनी कितीही जोर लावला तरी मधला मुलगा हलत नाही.’ ऐकणारा हसतो आणि त्याच दमात मध्यक शिकतो. जो विनोद काढून टाकला तरी माहिती तेवढीच राहते, तो निर्दयपणे काढा.

आकडा असाच आणखी एका ठिकाणी फसवतो. ‘धोका दुप्पट झाला’ असं दिसलं की आधी मूळ धोका शोधा. दहा हजारांत एकाचे दोन झाले तरी दुप्पटच म्हणतात.

‘यावर कुणी पैसे घालवतं का?’ हा विनोद कधीच करू नका. नाक कोरण्याने रक्त येतं, जंतुसंसर्ग होतो. डॉक्टरांनी विचारायलाच हवं होतं. संशोधकाला हसून घेतलेली टाळी फुकटची असते आणि पुढचं काही ऐकूच देत नाही.

मग कात्री लावा. इग नोबेलच्या सोहळ्यात काही वक्त्यांना आपला विषय आधी २४ सेकंदांत आणि मग सात शब्दांत सांगावा लागतो. तोच सराव करा. ‘त्या शाळांत नाक कोरणं अपवाद नव्हे, नियम.’ मोजा, सातच भरतात. यातला ‘त्या’ वाचवण्यासाठी झगडा, कारण अभ्यासाची अट त्या एका शब्दावर उभी आहे.

शेवटी रंकाळ्यावर फिरायला निघालेल्या, या विषयातलं काही न वाचलेल्या मित्राला एकदाच सांगा आणि चौपाटीला एक चक्कर झाल्यावर त्याच्याकडून परत सांगून घ्या. मधला मुलगा आणि चार फेऱ्या परत आल्या तर मजकूर तयार. नुसतं नाकच परत आलं, तर रांगेचं वाक्य नव्याने लिहा.