दम लागतो? मग आधी पंप नीट ओढायला शिका

आमच्या मोठ्या आईनं जन्मात बिडी ओढली नाही. तरी साठी गाठेपर्यंत अंगणातून न्हाणीपर्यंत जाताना ती दोनदा टेकायची. चाळीस वर्षं चुलीत पऱ्हाट्या नि तुऱ्हाट्या घातल्या, त्याचा धूर छातीत साठला होता. घरचे ‘वयाचा दमा’ म्हणत. डॉक्टरांनी सीओपीडी सांगितलं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसण्याचा आजार.

आधी तपासणी. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासून टीबी नाही ना, ते बघा. मग स्पायरोमेट्री. नळीत जीव खाऊन फुंकायचं. औषध ओढल्यावरही पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर श्वासनळ्या आकसल्या आहेत. नुसत्या एक्स-रेवर हे ठरत नाही. गेलेला दम पुरता परत येत नाही, पण उरलेला सांभाळता येतो.

इलाज म्हणजे पंप, अर्थात इन्हेलर. ‘पंप लागला की सुटत नाही,’ हे पारावर ऐकू येईलच. चष्म्यानं कुणाचे डोळे बिघडले का? पंपाचं औषध थेट छातीत जातं, म्हणून थोडकंच पुरतं.

खरी गोची ओढण्यात. मोठी आई पंप दाबायची आणि पांढरा फवारा तोंडातूनच बाहेर यायचा! पंप हलवा, स्पेसरला म्हणजे पोकळ नळकांड्याला लावा, श्वास पूर्ण सोडा. नळकांड्याच्या टोकाभोवती ओठ घट्ट मिटून पंप एकदाच दाबा, सावकाश खोल ओढा, दहा मोजेपर्यंत रोखा. दुसरा डोस अर्ध्या मिनिटानं. स्टेरॉइडचा पंप असेल तर चूळ भरून थुंका, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो. कॅप्सूलमधली पूड ओढायच्या यंत्रात मात्र जोरानं ओढायचं. ती कॅप्सूल गिळायची नसते. गिळणारे भेटतात म्हणून सांगतो.

गॅस आला तरी अंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. निदान ती चूल अंगणात न्या. बिडी सोडायला १८००-११२-३५६ वर फुकट सल्ला मिळतो. फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

धाप लागली की पुढे झुकून बसा. नाकानं दोन मोजत श्वास घ्या, शीळ घालतो तसे ओठ करून चार मोजत सोडा.

बेडका वाढला, हिरवा-पिवळा झाला किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओठ निळे पडले, वाक्य पुरं होईना, गुंगी आली, तर थेट १०८. पंपाची चिठ्ठी पिशवीत असू द्या. कोणतं औषध चालू आहे हे सांगण्याइतका दम तेव्हा नसतो.