डिटेक्टिव्ह कॉनन वाचताना साइड स्टोरीज कशा पकडायच्या

डिटेक्टिव्ह कॉनन ही जपानी मांगा (कॉमिक) सिरीज 1994 पासून चालू आहे, 100 वा व्हॉल्यूम 2021 मध्येच आला, त्यामुळे नवीन वाचणारे पहिलं हेच विचारतात की काळ्या संघटनेच्या (मेन व्हिलन टोळीच्या) केसेस तेवढ्या सांगा, बाकी सोडून देतो. प्लीज असं करू नका. लेखक गोशो आओयामा मेन स्टोरीचं बी बऱ्याचदा अगदी साध्या दिसणाऱ्या केसमध्ये पेरून ठेवतो.

व्हॉल्यूम 2 च बघा ना (इथून पुढे स्पॉयलर आहेत). मासामी हिरोता नावाची मुलगी हरवलेल्या वडिलांना शोधायला डिटेक्टिव्ह मोरीकडे येते, प्रकरण एक अब्ज येनच्या दरोड्यापर्यंत जातं, ती मरते, संपलं असं वाटतं. आणि मग थेट व्हॉल्यूम 18 मध्ये हायबारा नावाचं पात्र येतं आणि कळतं की ती मासामी म्हणजे हायबाराची सख्खी बहीण आकेमी. मधले 15 व्हॉल्यूम तुम्ही तिला विसरलेले असता आणि हायबारा रडत कॉननला विचारते की तू तिला का नाही वाचवलंस, तेव्हा खरंच पोटात तुटतं. ॲनिमेत (टीव्ही सिरीजमध्ये) हे एपिसोड 128 आणि 129 असे लागोपाठ आहेत, समजायला सोपं जातं पण तो मधला विसर मिळत नाही, म्हणून मांगाच वाचा.

तर करायचं काय, फोनमध्ये एक नोट उघडा आणि केसची नाही, माणसांची नोंद ठेवा. नाव, व्हॉल्यूम, आणि केस सुटल्यावरही त्या माणसाचं काय अर्धवट राहिलं, बस. खुनी कोण ते लिहायची गरज नाही.

पोलीसवाल्यांना तर अजिबात स्किप करू नका. सातो-ताकागीची लव्हस्टोरी टाइमपास वाटते, पण व्हॉल्यूम 36 मध्ये ताकागी आणि कॉनन बॉम्बसोबत लिफ्टमध्ये अडकतात, पुढच्या बॉम्बचा क्लू स्फोटाच्या अगदी शेवटच्या सेकंदांत दिसणार असतो, आणि सातोचा सहकारी मात्सुदा तीन वर्षांपूर्वी अशाच क्लूसाठी थांबून मेलेला असतो.

शिनिची (म्हणजे कॉननच) आणि रानच्या लव्हस्टोरीसाठी पेशन्स ठेवा, तो लंडनमध्ये प्रेमाची कबुली देतो ते व्हॉल्यूम 71-72 मध्ये आणि रानचं उत्तर क्योतोला व्हॉल्यूम 94 मध्ये.

मात्सुदा आणि त्याच्या ॲकॅडमीच्या मित्रांवर वाइल्ड पोलीस स्टोरी नावाची वेगळी सिरीज आहे, ती मेन सिरीजमधल्या आमुरो ह्या पात्राची खरी ओळख कळल्यावरच घ्या, आधी वाचली तर मोठं सरप्राइज जातं.