दुसऱ्या राज्याचं लायसन्स काढण्याआधी

दर उन्हाळ्यात अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरांचं स्पेशालिटी ट्रेनिंग, संपवणाऱ्या आपल्या मुलामुलींचे फोन येतात. "ताई, इलिनॉयचं लायसन्स आहे, विस्कॉन्सिनमध्ये लोकम (तात्पुरतं काम) मिळतंय. कॉम्पॅक्टमधून होईल ना?" कॉम्पॅक्ट म्हणजे एका राज्याच्या लायसन्सवरून दुसऱ्या राज्यांची लायसन्सं मिळवून देणारा राज्यांमधला करार. त्यातून होईल, पण बोर्ड सर्टिफाइड, म्हणजे स्पेशालिटीची बोर्ड परीक्षा पास झाल्यावर. 'बोर्ड एलिजिबल', म्हणजे परीक्षेला पात्र पण अजून पास नाही, तिथे चालत नाही. एरवी राज्याचं लायसन्स यूएसएमएलई या लायसन्सच्या परीक्षेची स्टेप थ्री आणि ट्रेनिंगच्या वर्षांवर मिळतं, सर्टिफिकेशन मागतात ती हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या. कॉम्पॅक्ट मात्र दारातच मागतं. इंटर्नल मेडिसिनची परीक्षा ऑगस्टमध्ये असते. तोवर थांबवत नसेल तर थेट विस्कॉन्सिनच्या बोर्डाकडे अर्ज करा.

कॉम्पॅक्ट २०१७ पासून सुरू आहे. चाळीसच्या आसपास राज्यं त्यात आहेत, कॅलिफोर्निया नाही. आधी तुमचं मुख्य राज्य ठरवा. तिथलं पूर्ण लायसन्स हवंच, शिवाय तिथे घर, किमान २५ टक्के प्रॅक्टिस, एम्प्लॉयरचं ऑफिस किंवा फेडरल टॅक्ससाठीचं वास्तव्य, यांपैकी एक. यूएसएमएलईची कुठलीही स्टेप तीनपेक्षा जास्त प्रयत्नांत सुटलेली नसावी. कॉम्पॅक्टची फी ७०० डॉलर, त्यावर प्रत्येक राज्याची वेगळी. बोटांचे ठसे देऊन पात्रतेचं पत्र आलं की ते ३६५ दिवस चालतं, त्या मुदतीत हवी ती राज्यं निवडा. मोहात पडून दहा घेऊ नका, प्रत्येकाचं रिन्यूअल तुमच्याच मानगुटीवर बसतं.

आपल्या लोकांचं खरं अडतं ते नावावर. मार्कशीटवर आडनाव आधी, 'जोशी मीनल सुधाकर'. पासपोर्टवर मीनल सुधाकर जोशी. लग्नानंतर सुधाकर जाऊन नवऱ्याचं नाव आलं, आडनावही बदललं. इथल्या क्लार्कला या तीन वेगळ्या बायका वाटतात, आणि त्यात तिचा काही दोष नाही. एमबीबीएसची डिग्री, इंटर्नशिपचा दाखला, मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि परदेशी पदवीधरांना लागणारं ईसीएफएमजी सर्टिफिकेट टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नावातलं अक्षर न् अक्षर ताडून बघा. मॅरेज सर्टिफिकेट आणि नावबदलाचं गॅझेट स्कॅन करून ठेवा. गॅझेट मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही करून घ्या. हे सगळं अर्ज भरण्याआधी, कोणी विचारल्यावर नव्हे.

लायसन्स आलं तरी डीईए, म्हणजे नियंत्रित औषधांवर देखरेख करणाऱ्या फेडरल संस्थेची नोंदणी, उरतेच. ज्या राज्यात नियंत्रित औषधं लिहिणार, तिथली वेगळी नोंदणी, तीन वर्षांचे ८८८ डॉलर. लोकम एजन्सी पैसे भरणार असेल तर तसं कराराच्या कागदावर घ्या, फोनवरच्या गोड आवाजावर जाऊ नका.

टेलिमेडिसिनवाल्यांनो, पेशंट कुठल्या राज्यात बसलाय ते बघा. शिकागोची आजी थंडीत फ्लोरिडाला गेली की तुमचं इलिनॉयचं लायसन्स तिच्यामागे जात नाही. व्हिडिओ सुरू झाला की पहिला प्रश्न तोच विचारा आणि उत्तर नोटमध्ये लिहा.

एच-वन-बीवर असाल तर लोकमला हो म्हणण्याआधी इमिग्रेशन वकिलाला फोन करा. लायसन्स बोर्ड देतं, पण नवीन ठिकाणी काम करायची परवानगी व्हिसाच्या कागदांवर ठरते.