विंडोज टाकताना एसएसडी दिसत नसेल तर

नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ पुन्हा टाकायला घेतली आणि ड्राइव्हची यादी रिकामी दिसली, तर एसएसडी बिघडली असं समजू नका. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडीचं नियंत्रण स्वतःकडे घेणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये अनेकदा नसतो. म्हणून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा हा ड्रायव्हर (नाव इंटेल आरएसटी) आधीच उतरवून घ्या. नुसती ईएक्सई फाइल इथे चालत नाही. ती एक्स्ट्रॅक्ट करून आयएनएफ फाइल (नावाच्या शेवटी .inf) असलेलं फोल्डर बूटेबल पेनड्राइव्हवर, म्हणजे ज्यावरून विंडोज टाकताय त्यावर (किमान ८ जीबी), ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून ते निवडा.

त्याच पेनड्राइव्हवर वायफायचा ड्रायव्हरही टाका, पुढे विंडोजच्या सेटअपमध्ये इंटरनेट लागतं. विसरलात, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेकदा काम भागतं.