पाळणा लांबवताना आणि हलवताना

दवाखान्यात जाण्याआधी नवरा-बायकोने घरीच एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे: मूल वर्षभरात हवे, तीन-चार वर्षांनी हवे, की आता नकोच? गर्भनिरोधक साधनाची निवड या उत्तरावरून करावी, शेजारणीला काय मानवले यावरून नव्हे. वर्षभरात दिवस जावेत असे वाटत असेल तर दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन टाळलेले बरे, कारण शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भ राहायला साधारण ७ ते १० महिने लागतात. निरोध किंवा गोळ्या थांबवल्यावर एवढी वाट पाहावी लागत नाही. अंतर मोठे हवे असेल तर तांबी सोयीची. ३८० ए प्रकारची तांबी १० वर्षे चालते, पण हवी तेव्हा काढता येते. ती १० वर्षे ठेवावीच लागते हा निव्वळ गैरसमज आहे.

डॉक्टरांना सांगायचे मुद्दे कागदावर लिहून न्यावेत: शेवटच्या पाळीची तारीख, रक्तदाब, अर्धशिशी, पूर्वी झालेली कावीळ आणि बाळ अंगावर पीत असल्यास त्याचे वय, कारण ‘माला-एन’सारख्या गोळ्या बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत स्तनदा मातेला देत नाहीत. तिला ‘छाया’ चालते, मात्र ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदाच घ्यायची असल्याने, ठरलेल्या वारांवर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात आधीच खुणा करून ठेवाव्यात.

मूल हवे असे ठरले की साधन थांबवण्याआधीच फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी, निदान महिनाभर आधी. पाळी चुकल्याचे ध्यानात येईपर्यंत बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची घडण सुरू झालेली असते. रुबेलाची लस राहिली असेल तर ती घेऊन पुढे एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत. हिमोग्लोबिन, साखर व थायरॉईड तपासावे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी मात्र दोघांचीही हवी, विशेषतः विदर्भात आणि नंदुरबारकडे. बायकोचा अहवाल येतो आणि नवरा सुईला घाबरून टाळाटाळ करतो, हे चालणार नाही. फिट्सच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. आधीचे सिझेरियन असल्यास त्याचे डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवावे. ते बहुधा माहेरच्या कपाटात सापडते.