काळ्या तांदळाचा रंग पाण्यात घालवू नका
काळा तांदूळ, काळी द्राक्षं, वांगं यांचा गडद रंग अँथोसायनिन या अँटिऑक्सिडंट रंगद्रव्याचा, आणि ते बहुतेक सालीतच असतं. म्हणून वांगी सोलू नका. हे द्रव्य पाण्यात विरघळतं. तांदूळ एकदाच झटपट धुवा, चोळू नका. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घालून तासभर भिजवा आणि त्याच जांभळ्या पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर 30-35 मिनिटं शिजवा. वरचं पाणी ओतून दिलंत तर रंग मोरीत गेला! लवकर शिजावा म्हणून खायचा सोडा तर मुळीच नको: रंग निळसर-हिरवट पडतो, बी-1 जीवनसत्त्वही नष्ट होतं. उलट शिजल्यावर लिंबू पिळा, रंग लालसर खुलतो. काळे तीळ मात्र अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. हलके भाजून, भरड कुटून खा.