पाय काढायचा म्हणतात: सही करण्याआधी काय विचारायचं

डॉक्टर "पाय काढावा लागेल" म्हणाले की सगळ्यात आधी विचारा, वेळ किती आहे? जखमेला घाण वास, पू, थंडी वाजून ताप, रक्तदाब खाली, पेशंट असंबद्ध बोलतोय, ही लक्षणं असतील तर विष रक्तात भिनतंय. तिथे हिशेब तासांचा असतो. बेळगाव, मिरज की कोल्हापूर यावर पाहुण्यांनी रात्रभर खल करणं जिवावर बेततं. पायाचं बोट मात्र कोरडं, काळं, सुकलेलं असेल आणि ताप नसेल, तर सहसा काही दिवस मिळतात. तेवढ्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं दुसरं मत घ्या. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

मग रक्तपुरवठ्याचं विचारा. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, हा आकडा ०.९ च्या खाली म्हणजे अडथळा, ०.४ च्या खाली म्हणजे गंभीर. जुन्या साखरेच्या पेशंटची धमनी कडक झालेली असते, त्यामुळे आकडा १.४ च्या वर जातो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा; तो ३० मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर जखम भरणं अवघड. पायाच्या बुजलेल्या धमनीची अँजिओप्लास्टी (फुग्यानं उघडणं) किंवा बायपास (रक्ताला वळणवाट करून देणं) होईल का, हेही विचारा. त्यानं पाय पूर्ण वाचला नाही तरी कापायची जागा खाली आणता येते. सीटी अँजिओग्राफीच्या (औषध टोचून रक्तवाहिन्यांचा फोटो काढण्याच्या) आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट दाखवा, कारण तिच्या औषधाचा किडनीवर ताण येऊ शकतो. आणि बिडी त्याच दिवशी बंद, नाहीतर केलेला बायपास पुन्हा बुजू शकतो.

घरचे हमखास घासाघीस करतात ती इथे: "फक्त बोटच काढा हो." रक्त पोचत नाही तिथे कापलं तर टाके उसवतात, काठ काळे पडतात, महिन्याभरात पुन्हा ऑपरेशन. म्हणून "इथे कापलं तर भरेल, हे कशावरून?" असं विचारा. गुडघा वाचवण्यासाठी मात्र जरूर भांडा. गुडघा राहिला की जयपूर फूटवर चालायला दम कमी लागतो, उठबस जमते, बांधावरून जाता येतं. पण पेशंट वर्षभर अंथरुणालाच असेल आणि गुडघा आखडला असेल, तर मांडीतून काढणं जास्त शहाणपणाचं ठरू शकतं.

हे सगळं पेशंटच्या समोर बोला. "आईला सांगू नका, खचेल" म्हणून व्हरांड्यात ठरवू नका. पाय तिचा आहे. तिला काय करायचंय, शेतात जायचंय, देवळापर्यंत चालायचंय की फक्त ही कळ थांबवायचीय, यावर उत्तर बदलतं. शुद्धीत असलेल्या पेशंटला ऑपरेशन नाकारायचाही हक्क आहे. नाकारलं तर पुढे काय होईल आणि वेदना कशा आवरतील, हे डॉक्टरांकडून ऐकून घ्या.

आपल्या कर्नाटक सीमेवरच्या भागात भाषेचा घोळ महागात पडतो. कन्नडमध्ये 'मंडी' म्हणजे गुडघा, मांडीला 'तोडे' म्हणतात. सिस्टर "मंडी केळगे" म्हणाल्या तर ते गुडघ्याखाली. आपल्या कानाला मात्र मांडी ऐकू येते. 'एडगालु' डावा पाय, 'बलगालु' उजवा. ऐकून मान हलवू नका, बोट ठेवून दाखवायला सांगा आणि थिएटरला नेण्याआधी त्याच पायावर पेनानं खूण झालीय का बघा. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून घ्या. कोणता पाय, कुठून, ते त्यात लिहिलेलं हवं. सही शुद्धीतल्या पेशंटचीच. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये सांगितलंय की एका ऑपरेशनची संमती दुसऱ्याला चालत नाही, जीव वाचवण्यासाठी तातडीनं करावं लागलं तरच अपवाद. म्हणून "गरज पडली तर आणखी वर" याचा अर्थ आधीच स्पष्ट करून घ्या.

गुडघ्याखाली पाय काढल्यावर त्या गुडघ्याखाली उशी ठेवू नका. पेशंटला बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि कृत्रिम पाय बसत नाही. जखम भरून सूज उतरली की माप घेतात, बहुधा सहा-आठ आठवड्यांनी.

काढलेला पाय अंत्यसंस्कारासाठी घरच्यांना हवा असेल तर तेही ऑपरेशनच्या आधीच सांगा. नंतर तो दवाखान्याच्या जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो.